नागपुरात नवरा-बायकोचा सुट्टीचा दिवस: सकाळी गोल्फ, संध्याकाळी दोन पेग आणि मधात झोप

आमच्या ह्यांना गोल्फचं वेड चाळिशीनंतर लागलं आणि मला लागलं ते ह्यांना दर रविवारी एकटं मोकळं सोडायचं नाही म्हणून. आता सहा वर्षं झाली, दोघंही खेळतो, दोघंही यथातथाच. लग्नाच्या वाढदिवसाच्या आसपास एक दिवस आम्ही पूर्ण सुट्टी काढतो, मुलं आजीकडे, सकाळी गोल्फ आणि संध्याकाळी निवांत दोन पेग. पहिल्या वर्षी ह्या दिवसाचं जे मातेरं झालं ते सांगते. मार्च महिना, ह्यांचा अठरा होलचा (होल म्हणजे बॉल घालायचा खळगा, पूर्ण खेळाला असे अठरा) हट्ट, साडेअकराला ऊन डोक्यावर, मग घरी येऊन ना धड जेवण ना झोप, नुसती आंघोळ करून इकडची तिकडची कामं उरकली, संध्याकाळी एका हॉटेलात जाऊन बसलो, रिकाम्या पोटी पहिली बियर, आणि सूप यायच्या आधी हे खुर्चीतच घोरायला लागले. वेटर मला हळूच विचारतो, "मॅडम, साहेबांना बरं नाही का?" बाप्पा!

तेव्हापासून आमचं ठरलंय की दिवस बिघडतो तो गोल्फ आणि ग्लास यांच्या मधल्या सात-आठ तासांत, तेवढे सांभाळले की बाकी आपोआप होतं. म्हणून खाली गोल्फपेक्षा दुपारबद्दल जास्त वाचायला मिळालं तर कुरकुरू नका.

आधी तारीख पक्की करा

नागपुरात हा कार्यक्रम नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतच करायचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक दिवस) लागला की सकाळी आठलाच डोकं तापतं, तेव्हा गोल्फ म्हणजे स्वतःवर सूड उगवणं. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि विजांचं वेगळंच, उघड्या मैदानात हातात लोखंडी दांडा घेऊन उभं राहायचं नसतं, गडगडाट ऐकू आला की खेळ सोडून आत जायचं, झाडाखाली तर अजिबात थांबायचं नाही.

डिसेंबर सगळ्यात भारी पण त्यात एक पाचर आहे, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. त्या दिवसांत हॉटेलच्या खोल्या फुल, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बॅरिकेड लावून बंद, मोर्चे, आणि पोचायला दुप्पट वेळ. अधिवेशनाच्या तारखा बघा आणि ते संपल्यानंतरचा आठवडा पकडा, नाहीतर सरळ जानेवारी. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास टू-व्हीलरवर फिरायचं टाळा, बंदी असूनही नायलॉन मांजा रस्त्यावर लोंबत असतो आणि गळा कापल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

अजून एक, तारीख ठरवताना ड्राय डे बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तर पाठ असतात, पण निवडणुकांचे दिवस लोक विसरतात आणि मग संध्याकाळी नुसता लिंबू सोडा. शक्य असेल तर मधला वार घ्या, शनिवार-रविवारी कोर्सवर गर्दी असते आणि मागचे चौघं सतत कंबरेवर हात ठेवून बघत असतात, त्या नजरेनेच निम्मे शॉट चुकतात.

खेळायला मिळेल कसं

आपल्याकडं गोल्फ म्हणजे तिकीट काढा आणि आत जा असा मामला नाही. मैदानं क्लबची नाहीतर लष्कर-वायुदलाची, कामठीला छावणी आहे, वायुसेना नगरला वायुदलाचं मेंटेनन्स कमांड आहे, त्यामुळे शहरात गोल्फ खेळणारे शोधायला गेलात तर चार ओळखींत एक तरी निवृत्त कर्नल निघतोच. तुम्ही मेंबर नसाल तर मेंबरचा पाहुणा म्हणूनच जायचं. दहा दिवस आधी त्या काकांना फोन करा, आणि फोनवर नुसतं "येऊ का" विचारू नका, हे सगळं एका दमात विचारून घ्या: पाहुण्यांना कोणत्या दिवशी चालतं, ग्रीन फी (खेळायचे पैसे) किती, कॅडीचे (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचे) पैसे वेगळे का, स्टिक भाड्याने मिळतात का, त्या दिवशी टुर्नामेंट तर नाही, आणि गेटवर नाव आधी द्यावं लागतं का. ओळखपत्र दोघांचंही जवळ ठेवा. आमचं एकदा माझं कार्ड घरी राहिलं होतं, त्या गेटवरच्या वीस मिनिटांत हे माझ्याशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कपडे कॉलरवाले. गोल गळ्याचा टीशर्ट, जीन्स, चप्पल हे बहुतेक ठिकाणी चालत नाही, बायकांनाही. स्पाइकवाले शूज नसतील तर साधे स्पोर्ट्स शूज घाला, फक्त तळ गुळगुळीत नको कारण सकाळी गवतावर दव असतं.

आणि दोघांपैकी एकाने कधीच खेळलं नसेल तर थेट कोर्सवर नेऊ नका हो. आधी तीन-चार वेळा ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या जागी) बादलीभर बॉल मारू द्या, शिकवायला तिथला कोच किंवा कॅडी. नवऱ्याने बायकोला गोल्फ शिकवायचं नाही आणि बायकोने नवऱ्याला नाही, कार चालवायला शिकवताना काय होतं आठवा, तेच होतं, फक्त हातात स्टिक असते.

सामान

नियमाप्रमाणे एका बॅगेत जास्तीत जास्त १४ स्टिक. आपल्याला एवढ्या कशाला, नवशिक्याला पाच पुरतात: लांब मारायला एक हायब्रिड किंवा फाइव्ह वूड, मधल्या अंतराला ७ नंबर आयर्न आणि ९ नंबर, रेतीतून काढायला एक सँड वेज आणि होलजवळ बॉल ढकलायला पटर. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची स्टिक, घरी ठेवा, खरं सांगते, ह्यांचे ऐंशी टक्के हरवलेले बॉल ड्रायव्हरने गेलेत. एकच सेट दोघांत वापरायचा असेल तर घरगुती खेळात कोणी काही म्हणत नाही, पण बायकांच्या स्टिकचे दांडे हलके आणि लवचिक असतात, पुरुषांच्या जड स्टिकने मनगट दुखतं, म्हणून निदान ७ नंबर तरी स्वतःचा हवा.

बॉल प्रत्येकी सहा, जुने चालतील, कॅडीकडेही मिळतात. दोघांनी आपापल्या बॉलवर मार्करने वेगवेगळी खूण करा, ह्यावरून भांडणं होतात. उजव्या हाताने खेळत असाल तर ग्लोव्ह डाव्या हातात. टोपी, सनस्क्रीन, प्रत्येकी एक लिटर पाणी, दोन केळी, मूठभर शेंगदाणे-गूळ. डिसेंबरात सातला थंडी असते आणि नऊला घाम येतो म्हणून जाड जॅकेट नको, काढता येईल असं पातळ स्वेटर.

नऊच होल, आणि कसे खेळायचे

अठरा होलला चार तासांच्या वर जातात, नऊला सव्वादोन. डिसेंबरच्या मध्यावर नागपुरात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, सव्वासातला पहिला शॉट मारला तर साडेनऊला मोकळे. नऊ होल संपले की अजून खेळावंसं वाटतं, आणि तिथंच थांबायचं. आमचे हे दर वर्षी "अजून तीनच" म्हणतात, मी दर वर्षी बॅग उचलते.

आता नवरा-बायकोने खेळायचं कसं, कारण एक जण बरा खेळतो आणि दुसरा कच्चा हे ठरलेलंच. अगदीच नवीन असाल तर स्क्रँबल खेळा, म्हणजे दोघांनी शॉट मारायचा, ज्याचा बॉल चांगल्या जागी तो निवडायचा, दुसऱ्याने आपला बॉल उचलून तिथं आणायचा आणि पुन्हा दोघांनी तिथूनच मारायचं, होलमध्ये जाईपर्यंत. कच्च्या माणसाचा वाईट शॉट मोजलाच जात नाही त्यामुळे चेहरे पडत नाहीत, आणि मधेच त्याचा एखादा पट (होलजवळचा हलका फटका) लागला की जो माज येतो तो बघण्यासारखा असतो.

फोरसम मात्र टाळा. त्यात दोघांत एकच बॉल, आळीपाळीने मारायचा. ऐकायला रोमँटिक, प्रत्यक्षात मी झाडीत घातलेला बॉल ह्यांनी काढायचा आणि ह्यांनी बंकरमध्ये, म्हणजे रेतीच्या खड्ड्यात, टाकलेला मी. "अगं, सरळ तर होतं समोर!" "अहो, मग तुम्हीच मारायचा होता ना!" तिसऱ्या होलला अबोला.

दोघं थोडेफार खेळत असाल तर स्टेबलफर्ड सगळ्यात छान. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्लिश डॉक्टरने काढलेली ही पद्धत, १९३२ मध्ये इंग्लंडातल्या वॉलसीच्या क्लबवर तिची पहिली स्पर्धा झाली. गंमत अशी की यात फटके कमी करायचे नसून पॉइंट गोळा करायचे असतात. हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) वजा करून होल पारमध्ये, म्हणजे त्या होलला ठरवून दिलेल्या फटक्यांत, झालं की २ पॉइंट, एक फटका जास्त लागला की १, एक कमी लागला तर ३, दोन कमी तर ४, आणि पारपेक्षा दोन किंवा त्याहूनही जास्त फटके जादा लागले की शून्य, बॉल उचला आणि पुढे चला. समजा अठरा होलसाठी माझा हँडिकॅप ३६, म्हणजे दर होलला दोन फटके सूट, ह्यांचा १८, दर होलला एक. पार ४ च्या होलला मला ६ लागले, दोन वजा, ४ झाले, २ पॉइंट. ह्यांना पण ६ लागले, एक वजा, ५, म्हणजे १ पॉइंट. सारखेच फटके मारून मी जिंकले! आता हा हिशोब ह्यांना अजून पटलेला नाही पण नियम म्हणजे नियम. हँडिकॅप काढलेलाच नसेल तर ५४ धरा, जास्तीत जास्त तेवढाच देतात, दर होलला तीन सूट.

पैज छोटी आणि गोड लावा. आमच्याकडे हरणाऱ्याने संत्रा बर्फी आणायची, अर्धा किलो.

कोर्सवर गेल्यावर चार-पाच गोष्टी पाळल्या की कोणी तुम्हाला नवखं म्हणून हिणवत नाही. दुसरा मारत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि त्याच्या रेषेत मागे उभं राहायचं नाही. बॉल माणसांच्या दिशेने गेला तर लाजायचं नाही, जोरात "फोर!" ओरडायचं. बॉल शोधायला तीनच मिनिटं, २०१९ पासून हाच नियम आहे, आधी पाच होती. पांढऱ्या खुंट्यांच्या, म्हणजे मैदानाच्या हद्दीच्या, बाहेर गेला तर खरा नियम असा की मागे जाऊन एक फटका दंड घेऊन पुन्हा मारायचा, पण मित्रामित्रांत दोन फटके धरून फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला बॉल टाकून पुढे जायचं, बऱ्याच क्लबांत ही सवलत असतेच. लाल किंवा पिवळ्या खुंटीच्या पाण्यात गेला तर एक दंड. बॉल ड्रॉप करताना गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा, खांद्यावरून नाही, जुने लोक अजून हात खांद्याला नेतात. बंकरमधून निघताना रेती दाताळ्याने सारखी करा. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) बॉल पडून खड्डा झाला असेल तर काट्याने कडा मध्याकडे ढकला, खालून वर उचलू नका, मुळं तुटतात आणि तो डाग महिनाभर राहतो.

सकाळच्या दवाचं एक सांगते कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ओल्या ग्रीनवर बॉल रांगतो, पट नेहमीपेक्षा चांगला जोरात मारावा लागतो, आणि साडेआठनंतर ऊन आलं की तेच ग्रीन एकदम पळायला लागतं. पहिल्या चार होलला माझे सगळे पट अर्ध्यात राहायचे, पुढच्या पाचला सगळे पलीकडे. आमचा कॅडी म्हणाला, "मॅडम, घास वाळला आता, हळू मारा." कॅडीचं ऐकत जा. तो त्या मैदानावर तुमच्याहून हजार पट जास्त चाललेला असतो, ग्रीनचा उतार त्याला डोळे मिटून माहीत असतो. टीप शेवटी हातात द्या, आणि देताना नाव घेऊन थँक्यू म्हणा.

मधेच टिटवी ओरडत उठली तर दचकू नका, तिला आपण आवडत नाही एवढंच.

साडेनऊ ते साडेपाच, म्हणजे खरी परीक्षा

खेळ संपला की लगेच क्लबच्या बारकडे वळायचा मोह होतो, गोल्फवाले त्याला एकोणिसावं होल म्हणतात, आणि सकाळी दहाला "एकच गार बियर" हे फार गोड वाक्य आहे. नको. अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं, त्यात दारू लघवी वाढवते, म्हणजे दुपारी डोकं धरून बसणार. आधी पाणी, लिंबू-मीठ-साखर घालून, अर्धा लिटर तरी.

मग तर्री पोहे. खेळायच्या आधी तर्री नको, वाकताना छातीत येते, पण नंतर गाडीवर उभं राहून वरून चणे, कांदा, सांबार घातलेली प्लेट म्हणजे त्या नऊ होलचं बक्षीस. आमच्या पुण्याच्या वहिनी सांबार म्हटलं की इडलीचं सांबार शोधतात, त्यांच्यासाठी सांगते, कोथिंबीर.

घरी या, गरम पाण्याने आंघोळ करा, पायाच्या पोटऱ्या ताणून घ्या. नऊ होल म्हणजे चार किलोमीटरच्या आसपास चालणं होतं, आणि त्या तेवढ्यात कंबर न सांगता आखडलेली असते. दीडला साधं जेवण, वरण-भात-तूप-लिंबू, एखादी भाजी. दुपारी सावजी हाणायची इच्छा होईल, हे दर वर्षी म्हणतात "आज सुट्टी आहे तर सावजी होऊन जाऊ दे", पण सावजीचा तो तेलाचा तवंग आणि तिखट संध्याकाळच्या दारूला भेटलं की रात्रभर ॲसिडिटी. सावजी दुसऱ्या दिवशी दुपारी खा, तेव्हा ते औषधासारखं लागतं.

आणि मग झोप. दोन ते साडेतीन, गजर लावून. फोन दुसऱ्या खोलीत. दीड तासाच्या वर झोपलात तर उठून चिडचिड होते, न झोपलात तर आमच्यासारखं सूपाआधी घोरणं. उठलं की चहा, आणि भांडण असेल तर ते चहावरच मिटवा, पेगपर्यंत नेऊ नका, पेगवर भांडणं मिटत नाहीत, जुनी पण निघतात.

साडेचारला निघून फुटाळ्यावर जा. डिसेंबरच्या मध्याला सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो, तलावाच्या काठावर तासभर बसलं, मक्याचं कणीस खाल्लं, की दिवस पुन्हा सुरू झाल्यासारखा वाटतो. तिथं गाडीत बाटली उघडायची नाही हं, सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे आणि सगळ्या शहरासमोर पोलिसाशी हुज्जत घालणं शोभत नाही.

आता दोन पेग

कायद्याचं पटकन सांगते. महाराष्ट्रात बियर-वाइनला वय २१ आणि व्हिस्की-रम-जिनला २५ पूर्ण लागतं, आणि खरं तर प्यायला परवानाही लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. बाहेर पाटीवर 'परमिट रूम' लिहितात ते यावरूनच. दुसऱ्या दिवशी सेवाग्राम-पवनारला जायचा बेत असेल तर गाडीत उरलेली बाटली ठेवू नका, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

क्लबमध्ये बसणार असाल तर बिल बहुतेक मेंबरच्याच नावावर जातं, म्हणून काकांना आधीच विचारून पैसे कसे द्यायचे ते ठरवा, नाहीतर त्यांना बर्फीचा मोठा डबा. हॉटेलात जाणार असाल तर आवाज कमी असलेला कोपरा मागा, लाइव्ह म्युझिकवाल्या जागी लग्नाच्या वाढदिवसाला जाऊ नये, एकमेकांना "काय?" विचारण्यात संध्याकाळ जाते. आम्हाला मात्र घरची गच्चीच आवडते. शाल, दोन खुर्च्या, आणि उठून कुठं जायचं नाही.

किती प्यायचं याचा हिशोब बाटलीवर नाही, आतल्या अल्कोहोलवर करा. ६० मिलीचा लार्ज व्हिस्की म्हणजे साधारण २५ मिली शुद्ध अल्कोहोल. ५ टक्केवाली ६५० मिली बियर म्हणजे ३२ मिली. आणि ८ टक्केवाली स्ट्राँग बियर म्हणजे ५२, म्हणजे दोन लार्ज एका बाटलीत! "मी तर नुसती बियर घेतली" म्हणणाऱ्यांना हे सांगा. एक लार्ज उतरायला शरीराला दोन-तीन तास लागतात, लिंबू चाटून किंवा आंघोळ करून त्यात काही फरक पडत नाही. गोल्फनंतर अंग थकलेलं असतं तेव्हा नेहमीच्या प्रमाणातही लवकर चढल्यासारखं वाटतं, म्हणून आमचा नियम दोन, आणि प्रत्येक ग्लासाबरोबर तेवढंच पाणी.

गच्चीवर आमचं ठरलेलं पेय म्हणजे जिन-संत्रा. ४५ मिली जिन, ९० मिली ताजा संत्र्याचा रस, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूट काळं मीठ, वर थोडा सोडा, बर्फ. रस अगदी घ्यायच्या वेळी काढायचा. सकाळी काढून फ्रीजमध्ये ठेवलात तर कडू होतो, संत्र्याच्या बी आणि पडद्यांतून जे उतरतं त्याचं रसात हळूहळू लिमोनिन होतं आणि ते कडू असतं, म्हणून बिया काढून हलक्या हाताने पिळा, मिक्सरमध्ये तर मुळीच फिरवू नका. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरपर्यंत मिळतात, फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची येतात ती जास्त गोड, तेव्हा लिंबू वाढवा. ज्याला प्यायचं नाही त्याला जिनच्या जागी आल्याचा रस एक चमचा, चव जवळपास तितकीच रंगते. आणि हो, हे सगळं सामान आणायला कोणाला पाठवाल तर दुकानात नुसतं "संत्रा द्या" म्हणायला सांगू नका, हातात त्याच नावाच्या देशी दारूची बाटली येईल.

चखण्याला भाजलेले शेंगदाणे, काकडी, पनीर, उकडलेली अंडी. नुसता खारा चिवडा ठेवलात तर तहान लागून ग्लास लवकर संपतो. पहिल्या पेगच्या आधी पोटात काहीतरी गेलेलं असू द्या, पाटोडी असेल तर काय विचारता. जेवण साडेआठला वाढून घ्या, नंतर कोणाचंच स्वयंपाकघरात जायचं मन होत नाही.

बाहेर गेला असाल तर गाडी घरीच ठेवून जा. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मेट्रोने जाणार असाल तर शेवटची गाडी आधी बघून ठेवा, रात्री उशिरा उपयोगाची नाही, कॅबच करावी लागते. "मी एकच घेतलाय, मी चालवतो" हे वाक्य आमच्या घरात बंद आहे.

झोपायच्या आधी एक काम राहतं आणि ते हमखास विसरतं. सकाळचा घामाने ओला ग्लोव्ह बॅगेत तसाच असतो, तो काढून सपाट वाळत टाका, हीटरवर नाही, आणि स्टिकच्या खाचांत अडकलेली माती जुन्या टूथब्रशने काढा. बर्फीचं मात्र उधार ठेवायचं नाही. ह्यांच्याकडे माझी मागच्या वर्षीची अर्धा किलो अजून बाकी आहे.